जवळ येण्याचा दिवस वेगळा, भडक्याचा दिवस वेगळा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतल्या एका चौकटीत असे छापले होते की, 'दर साडेतीन वर्षांनी एक मृत तारा एका महाकाय ताऱ्यावर आदळतो आणि त्या दिवशी गॅमा किरणांचा स्फोट होतो.' वाक्य एक, चुका तीन. आदळत कुणी नाही. फेरी साडेतीन वर्षांची नाही, १२३६.७ दिवसांची आहे, म्हणजे तीन वर्षे आणि वर साधारण १४१ दिवस. या दोन चुका घाईघाईच्या मजकुरात होतात, चालायचेच. तिसरी मात्र सोडून देण्यासारखी नाही. 'त्या दिवशी' गॅमा किरणांत जवळजवळ काहीच घडत नाही. भडका येतो महिनाभराने, कधी दीड-दोन महिन्यांनी, आणि जगभरच्या अभ्यासकांनी डोके धरले आहे ते याच उशिरापायी.

जोडीचे नाव पीएसआर बी१२५९-६३ आणि एलएस २८८३. पहिले नाव म्हणजे नुसता पत्ता. १९५० च्या आकाश-नकाशावर विषुवांश (आकाशातले रेखांश) १२ तास ५९ मिनिटे, क्रांती (आकाशातले अक्षांश) उणे ६३ अंश. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या रेडिओ दुर्बिणीने दक्षिण आकाशगंगेच्या पाहणीत हा स्पंदक तारा, म्हणजे पल्सार, टिपला आणि १९९२ मध्ये तो जाहीर झाला. भल्यामोठ्या, अजून इंधन जाळणाऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा हा पहिलाच रेडिओ पल्सार. तो एका सेकंदात जवळजवळ २१ गिरक्या घेतो, एक गिरकी ४७.८ मिलिसेकंदांची. गिरकी हळूहळू मंदावते. मंदावताना जी ऊर्जा सुटते ती दोनशेहून अधिक सूर्यांच्या तेजाइतकी आहे, आणि ती मुख्यतः इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या वाऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. तेव्हा 'मृत तारा' हा शब्दही जरा जपूनच वापरावा.

जोडीदार एलएस २८८३ त्याहून दांडगा. सूर्याच्या साठ हजार पटींच्या आसपास तेज. स्वतःभोवती इतका वेगाने फिरतो की मध्यावर फुगून चपटा झाला आहे. ध्रुवाकडून मोजली तर त्रिज्या सूर्याच्या आठ पट, मध्यावर पावणेदहा पट. मडगार्ड काढलेला ट्रॅक्टर ओल्या रानातून रस्त्यावर आला की चाकाचा चिखल सगळीकडे उडत नाही, चाकाच्याच पातळीत उडतो. या ताऱ्याचा वायूही तसाच मध्यातून सुटून त्याच्याभोवती एक तबकडी धरून बसला आहे. ही तबकडी पल्सारच्या कक्षेला तिरकी आहे. त्यामुळे प्रत्येक फेरीत पल्सार तिला दोनदा छेदतो, जवळ येताना एकदा आणि लांब जाताना एकदा.

आता कक्षा. हिची विमध्यता, म्हणजे लांबटपणाचे माप, ०.८७ आहे. हा आकडा वाचून कुणाला काही कळत नाही, म्हणून शाळांनी तो काढून पाहावा. चार फूट बाय दोन फूट प्लायवूडचा तुकडा पुरतो. लांबीच्या मध्यरेषेवर दोन खिळे ठोका, एकमेकांपासून ८७ सेंटीमीटरवर. कडांपासून साडेसतरा सेंटीमीटर जागा दोन्हीकडे उरेल. दोन खिळ्यांच्या मध्ये बांधून झाल्यावर १०० सेंटीमीटर मोकळा राहील असा न ताणणारा दोरा घ्या. गवंड्याचा ओळंब्याचा दोरा चांगला, लोकर अजिबात नको. पेन्सिल दोऱ्यात अडकवून, दोरा ताठ ठेवत वरची अर्धी रेघ ओढा, मग दोरा खालच्या बाजूला घेऊन उरलेली अर्धी. दोऱ्याचा बंद फास करून एका दमात पूर्ण रेघ ओढायला जाल तर टोकाला गाठ खिळ्यात अडकते आणि नेमका जिथे नेमकेपणा हवा तिथेच आकार बिघडतो. तपासणी सोपी आहे. खिळ्यापासून रेघेच्या जवळच्या टोकापर्यंत ६.५ सेंटीमीटर भरले पाहिजेत आणि आकृतीची रुंदी ४९ च्या थोडी वर. दोरा एकच सेंटीमीटर सैल सुटला तरी ६.५ चे ७ होतात. शंभरात एकाची चूक टोकाला तेरा-चौदात एक होऊन बसते.

एक खिळा म्हणजे तारा. दुसऱ्या खिळ्याच्या जागी काहीच नाही, हे मुलांना आधीच सांगावे, नाहीतर 'तिथे कोण?' हा प्रश्न ठरलेला. या मापात सूर्य-पृथ्वी अंतर सुमारे ७ सेंटीमीटर येते आणि तो अजस्र तारा सहा मिलिमीटरचा, म्हणजे तासगावचा एक बारका बेदाणा. पल्सार पंचवीस किलोमीटरच्याही आतला. तो या फळीवर सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही. जवळच्या टोकाला दोघांमधले अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या ०.९ पट, लांबच्या टोकाला १३ पट. बेदाणा आणि रेघ यांच्यात साडेसहा सेंटीमीटर मोकळे दिसतात. 'आदळतो' हा शब्द तिथेच गळून पडतो.

पुढची पायरी दिवसांच्या खुणांची, आणि मजा तीच आहे. पल्सार ज्या दिशेने जातो असे ठरवाल त्या बाजूला, तारा-खिळ्यापासून पट्टीने मोजून रेघेवर खुणा करा. जवळच्या बिंदूनंतर १६ दिवसांची खूण ११.७ सेंटीमीटरवर, ३० दिवसांची १७.८ वर, ४० ची २१.८ वर, ५५ ची २७.३ वर. येतानाच्या बाजूलाही १६ आणि ३० च्या खुणा त्याच मापाने करा. हे आकडे केप्लरच्या नियमातून निघतात, अकरावीच्या मुलाला कॅल्क्युलेटरवर पडताळता येतील. आता कोनमापक लावा. जवळच्या बिंदूच्या तीस दिवस आधीपासून तीस दिवस नंतरपर्यंत, अशा साठ दिवसांत पल्सार ताऱ्याभोवती २२३ अंश फिरतो. उरलेले १३७ अंश कापायला त्याला ११७६ दिवस लागतात. दोन्हीकडच्या १६ दिवसांच्या खुणा पट्टीने जोडल्या तर पट्टी जवळजवळ बेदाण्यावरूनच जाते. हा योगायोग नाही. तबकडीची पातळी कक्षेला ताऱ्यातून जाणाऱ्या सरळ रेषेतच छेदणार, आणि ती रेषा साधारण हीच.

याला पुरावा रेडिओचा आहे. जवळच्या बिंदूच्या सोळा-एक दिवस आधी पल्सारचे रेडिओ ठोके बंद पडतात आणि नंतर तितक्याच दिवसांनी पुन्हा ऐकू येतात. मधल्या काळात पल्सार तबकडीच्या पलीकडे असतो आणि तिचा वायू ठोके गिळतो. क्ष-किरणांत याच दोन छेदांच्या आसपास दोन उंचवटे येतात. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी २००४ च्या फेरीत अतिउच्च ऊर्जेचे, म्हणजे एका कणात लाख कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरातले, गॅमा किरण इथून येताना पाहिले. आपल्या आकाशगंगेत त्या ऊर्जेला कमी-जास्त होताना पकडलेला हा पहिला स्रोत. इथवर सगळे शिस्तीत आहे. तबकडी छेदली की तेज वाढते, बाहेर पडला की कमी होते.

शिस्त मोडली ती गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाने. हा २००८ पासून आकाश पाहतो आहे आणि त्याची ऊर्जा हेसहून हजारो पटींनी खालची, दहा कोटी इलेक्ट्रॉन व्होल्टपासून वर. त्याच्या कारकिर्दीतली पहिली जवळची फेरी डिसेंबर २०१० च्या मध्यावर होती. जवळ येताना फिकट उजेड, आणि नंतर सगळे गप्प. जानेवारी २०११ च्या मध्यावर, म्हणजे तीस दिवसांच्या खुणेवर, पल्सार तबकडीतून कधीच बाहेर पडला असताना, क्ष-किरण उतरणीला लागलेले असताना, एकदम मोठा भडका. मिळालेल्या उजेडाचा हिशोब लावला तर पल्सारची जवळजवळ सगळीच्या सगळी ऊर्जा त्या एका गॅमा पट्ट्यात खर्च होत होती. ४ मे २०१४ च्या फेरीनंतरही एका महिन्याने तसेच घडले. तेव्हा अनेकांना वाटले, बसले गणित: महिनाभराने भडका. पुढची फेरी २२ सप्टेंबर २०१७. तीस दिवस झाले, काही नाही. भडका सुरू झाला चाळिसाव्या दिवसाच्या आसपास, आणि अखंड नव्हे, तुटक तुटक, काही ठिणग्या तर मिनिटांच्या. ९ फेब्रुवारी २०२१ नंतर तो पंचावन्नाव्या दिवसाकडे सरकला. फळीवरच्या ३०, ४०, ५५ च्या खुणा त्यासाठीच आहेत. पंचावन्नाव्या खुणेवर पल्सार ताऱ्यापासून सूर्य-पृथ्वी अंतराच्या पावणेचार पट लांब गेलेला असतो. म्हणजे लांब जाऊन, निवांत झाल्यावर गडी पेटतो.

का, याचे एकमताचे उत्तर अजून नाही आणि असल्याचा आव आणू नये. काहींच्या मते पल्सार तबकडीतून जाताना तिचा एक लचका तोडून ओढून नेतो आणि तो विस्कटलेला वायू नंतर पल्सारच्या वाऱ्यात सापडतो. लचका तुटतो हे गृहीत धरायला आधारही आहे. चंद्रा क्ष-किरण वेधशाळेला २०१०-११ च्या फेरीनंतर या जोडीपासून एक ढग प्रकाशाच्या सुमारे ७ टक्के वेगाने दूर जाताना दिसला होता. दुसरे मत असे की दोन वारे जिथे भिडतात तिथे शंकूसारखा धक्का-पडदा तयार होतो आणि भडका त्या शंकूच्या धारेने एकाच दिशेला फेकला जातो. त्या दिशेत पृथ्वी आली की आपल्याला दिसतो. आमचा कल 'एकाच दिशेला' या भागाकडे आहे आणि कारण साधे हिशोबाचे. २०१७ च्या काही छोट्या ठिणग्यांचे तेज, सगळीकडे सारखे पसरते असे धरून मोजले, तर पल्सारच्या एकूण मिळकतीपेक्षा जास्त भरते. मिळकतीपेक्षा खर्च जास्त दिसला की एक तर हिशोब चुकलाय किंवा खर्च सगळीकडे होत नाहीये. मात्र मिनिटभराची ठिणगी नेमकी कोणत्या गाठीतून उडते, ते दोन्ही मतांना नीट सांगता आलेले नाही.

भीतीबद्दलही लिहायला हवे, कारण 'आज रात्री साडेबारा ते साडेतीन मोबाईल उशाशी ठेवू नका, कॉस्मिक किरण येणार' हा निरोप दरवर्षी एखाद्या साथीसारखा गावोगाव फिरतो आणि अशा चौकटींनी त्याला खतपाणी मिळते. २०११ च्या भडक्याच्या ऐन भरात, पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, दर चौरस सेंटीमीटरवर दहा लाख सेकंदांत सुमारे तीन गॅमा कण पडत होते. दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवस. नखाएवढ्या जागेवर चार दिवसांत एक कण, आणि तोही जमिनीवर नाही. वातावरणाचा थर वजनाने दहा मीटर पाण्याइतका आहे, त्यात तो कण वरच्या वरच संपतो. याउलट शंभर ग्रॅम बेदाण्यांत साधारण पाऊण ग्रॅम पोटॅशियम असते आणि त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियम-४० मुळे त्या बेदाण्यांतून दर सेकंदाला दोन-तीन गॅमा कण बाहेर पडतात. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात हेच पोटॅशियम-४० सेकंदाला सुमारे चार हजार वेळा फुटत असते. बेदाण्यातल्या कणाची ऊर्जा पल्सारवरून येणाऱ्या कणापेक्षा खूपच कमी, हे खरे. पण म्हणून तासगावच्या सौद्यात कुणी शिशाचे कपडे घालून उभे राहत नाही, आणि तेच बरोबर आहे. शिवाय ही जोडी सुमारे साडेआठ हजार प्रकाशवर्षांवर आहे. २०२७ मध्ये आपण पाहणार तो भडका तिकडे केव्हाच होऊन गेलेला.

आता कामाची गोष्ट. हा भडका सांगली-साताऱ्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाला स्वतः काढून पाहता येतो. फर्मीची सगळी मोजमापे जगाला फुकट खुली आहेत, नुसता संगणक आणि बरे इंटरनेट हवे. सरावासाठी २०१४ ची फेरी घ्यावी, २०२१ ची नको. कारण मार्च २०१८ मध्ये फर्मीच्या एका सौर पंखाची फिरकी अडकली. तेव्हापासून उपग्रह पूर्वीसारखा दर दोन प्रदक्षिणांत, म्हणजे सुमारे तीन तासांत, सगळे आकाश सारखे झाडून घेत नाही. एका भागाकडे काही दिवस जास्त, काही दिवस कमी लक्ष जाते. नवशिक्याला त्या कमी-जास्तीतच भडका दिसू लागतो.

फर्मीच्या विज्ञान साहाय्य केंद्राच्या संकेतस्थळावर लॅट या उपकरणाच्या, म्हणजे फर्मीवरच्या मुख्य गॅमा दुर्बिणीच्या, मोजमापांच्या मागणीचा तक्ता आहे. त्यात जागा अंशांत भरावी: विषुवांश १९५.७०, क्रांती उणे ६३.८४. त्रिज्या १५ अंश. काळ १४ एप्रिल ते १२ ऑगस्ट २०१४, म्हणजे आधीचे वीस दिवस आणि नंतरचे शंभर. ऊर्जा १०० ते ३,००,००० मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (मेगा म्हणजे दहा लाख). फोटॉनच्या, म्हणजे गॅमा कणांच्या, फायली आणि यानाची फाइल, दोन्ही मागवा. यानाची फाइल विसरणे ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि ती तासाभराने, पुढची पायरी अडल्यावर कळते. फर्मीटूल्स ही आज्ञावली लिनक्सवर कोंडा (conda) या आज्ञावल्या बसवणाऱ्या साधनाच्या साहाय्याने बसते. विंडोज असेल तर आत लिनक्सचा थर बसवून घ्यावा लागतो.

मग फर्मीटूल्समधल्या जीटीसिलेक्ट या आज्ञेने चाळणी. घटनावर्ग १२८, प्रकार ३, कमाल शिरोबिंदू-कोन ९० अंश. हा ९० चा आकडा वाढवू नका. पृथ्वीचे वातावरण स्वतःच गॅमा किरणांत चमकत असते आणि कोन वाढवला की ती चमक आत शिरते. पुढे जीटीएमकेटाइमने उपकरण नीट चालू असतानाचाच काळ ठेवायचा. इथे गाळणीचे वाक्य लागते, मोजमापांची प्रत शून्याहून अधिक आणि लॅटची मांडणी एक. त्यानंतर जोडीभोवती एक अंशाचे वर्तुळ धरून जीटीबिनने रोजचा एक गठ्ठा, ८६,४०० सेकंदांचा, करायचा. शेवटी जीटीएक्स्पोजरने प्रत्येक गठ्ठ्याला उपग्रहाने किती क्षेत्र आणि किती वेळ दिला ते काढायचे. मोजलेल्या कणांना त्याने भागले की रोजचा दर मिळतो. ही शेवटची भागाकाराची पायरी गाळून नुसते कण मोजले तर आलेख हालतो, पण तो उपग्रहाच्या लक्षाचा आलेख असतो, पल्सारचा नव्हे.

दोन खड्डे सांगून ठेवतो. शंभर मेगा इलेक्ट्रॉन व्होल्टला फर्मीची नजर अंधुक आहे, एका कणाची दिशा पाच अंशांपर्यंत सरकते. ही जोडी आकाशगंगेच्या पट्ट्यातच बसलेली, त्यामुळे एक अंशाच्या वर्तुळात आकाशगंगेचा उजेड भरपूर सांडतो आणि खुद्द जोडीचे बरेच कण बाहेर सांडतात. म्हणून हुशार विद्यार्थी किमान ऊर्जा वाढवून एक हजार करतो, कारण तिथे नजर एका अंशाच्या आत येते. चित्र स्वच्छ होते आणि भडका नाहीसा होतो! या भडक्याची बहुतेक मिळकत एक हजाराच्या खालीच असते. तेव्हा खालची हद्द शंभर-दोनशेलाच ठेवा आणि आकाशगंगेचा उजेड हा रोजचा भाडेखर्च समजून चाला. एप्रिल-मेमध्ये जो सपाट दर येतो तोच हा खर्च, जूनच्या सुरुवातीला त्यावर जे उठते तो भडका. खरा शास्त्रीय आकडा हवा असेल तर जीटीलाइकने आजूबाजूच्या सगळ्या स्रोतांसह आणि आकाशगंगेच्या नकाशासह मांडणी करावी लागते. ते आठवड्याभराचे काम आहे, पदव्युत्तर प्रकल्पाला पुरेल असे.

दुसरा खड्डा वेळेचा. फर्मीचे घड्याळ १ जानेवारी २००१ पासूनचे सेकंद मोजते. ४ मे २०१४ ची मध्यरात्र त्यावर ४२,०८,५४,४०३ अशी येते. ही मध्यरात्र ग्रीनिचची, आपली पहाटे साडेपाच. रोजच्या गठ्ठ्यांत हा फरक मारक नाही, पण मिनिटांच्या ठिणग्या शोधायला बसाल तेव्हा साडेपाच तासांनी घर चुकेल.

भारतीय दुर्बिणींचे काय, असे विचारले जाते. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आपल्यापासून काही तासांवर, पण तिच्या ४५ मीटर व्यासाच्या तीसही थाळ्या उणे ५३ अंशांच्या खाली पाहू शकत नाहीत आणि ही जोडी उणे ६४ जवळ. लडाखमधल्या हानले इथली २१ मीटरची मेस गॅमा दुर्बीण तर इतकी उत्तरेला आहे की ही जोडी तिथे क्षितिजावर उगवतच नाही. मेससाठी उत्तरेची भावंडे आहेत. शर्मिष्ठेतली एलएस आय +६१ ३०३, दर साडेसव्वीस दिवसांनी फेरी घालणारी. आणि हंसातला पीएसआर जे२०३२+४१२७, ज्याची एक फेरी अर्धशतकाच्या आसपासची. तो १३ नोव्हेंबर २०१७ ला जवळ येऊन गेला, आता पुढच्या पिढीने बघायचा.

पण बी१२५९ चा मोठा जोडीदार सांगलीतून दिसू शकतो, आणि हे कुणी छापत नाही म्हणून इथे सविस्तर देतो. दहाव्या प्रतीचा तारा आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा फिका). सांगलीचे अक्षांश १६.८५, तेव्हा तो दक्षिण क्षितिजावर जास्तीत जास्त ९.३ अंश चढतो. साताऱ्याहून साडेआठ. इतक्या खाली पाहताना डोक्यावरच्या मानाने सहा पट हवेतून पाहावे लागते आणि दीड-दोन प्रती तिथेच जातात, म्हणून सहा इंची दुर्बीण काठावर, आठ इंची हवी. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास तो नेमका दक्षिणेला असतो. त्रिशंकूचा सर्वात खालचा ठळक तारा पकडा. तो दक्षिणेला उभा राहिल्यानंतर ३६ मिनिटांनी आपला तारा त्या जागी येतो. त्रिशंकूच्या त्या ताऱ्याच्या डावीकडे चार अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन बोटांना थोडे कमी, आणि पाऊण अंश खाली. तिथे आकाशगंगेची दाटी आहे, अर्ध्या अंशाचा छापील नकाशा हाताशी नसेल तर कोणताही बारीक तारा 'हाच' वाटतो.

जागा निवडताना सातारा शहरात डोंगरांची अडचण आहे, दक्षिणेला नऊ अंश मोकळे मिळणे अवघड. माण-खटावकडे सरकावे. सांगली-मिरजेत उजेड आणि हिवाळ्यात कृष्णाकाठचे धुके. त्यात गळीत हंगाम सुरू असला की पेटवलेल्या पाचटाचा धूर नेमका क्षितिजालगत थर धरतो. दंडोबाचा डोंगर बरा, जतकडचे माळ त्याहून बरे.

पुढची जवळची फेरी १८ नोव्हेंबर २०२७ च्या आसपास येते. मागची जवळची फेरी ३० जून २०२४ ची, त्या तारखेत १२३६.७ दिवस मिळवून कुणालाही काढता येईल. त्या दिवशी तारा आपल्याकडे सूर्याबरोबरच उगवतो, त्यामुळे दिसायचा प्रश्नच नाही. भडक्याची खिडकी मात्र १८ डिसेंबर २०२७ च्या सुमारास उघडते आणि जानेवारी २०२८ च्या मध्यापलीकडे जाते. १८ जानेवारीला हा तारा पहाटे पावणेसहाच्या सुमारास दक्षिणेला उभा असेल, उजाडायच्या जेमतेम आधी, आणि पुढे रोज चार मिनिटे लवकर. २६ जानेवारीला अमावस्या आहे, म्हणून २० ते ३१ जानेवारीच्या पहाटा सर्वात चांगल्या. भडक्यामुळे दुर्बिणीतला तारा लुकलुकणार नाही, रंग बदलणार नाही. भडका गॅमा किरणांत असतो, डोळ्यांना नाही. दिसेल तो एक फिका ठिपका, ज्याच्याभोवती त्या वेळी पल्सार जवळच्या बिंदूपासून त्रेसष्ट ते चौऱ्याहत्तर दिवस पुढे कुठेतरी असेल.

तेव्हा विनंती एवढीच, की २०२७ ची दिनदर्शिका किंवा विज्ञान पुरवणी छापताना १८ नोव्हेंबरच्या चौकटीत 'गॅमा स्फोट' असे छापू नये. 'पल्सार सर्वात जवळ' एवढेच छापावे, आणि गॅमा भडक्याची नोंद डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत, एका दिवसावर बोट न ठेवता, करावी.

आपले,
काही आकाशनिरीक्षक, सांगली